माजघरातली जागा

रोज नालासोपाऱ्याहून चर्चगेटला नोकरीसाठी जाणाऱ्या एका भगिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत, शाळेत जाणारी दोन मुले आहेत, दिवस पहाटे पाचला सुरू होतो आणि डिसेंबर लागला की त्यात नाताळचा फराळ, घराची झाडलोट, येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा, खरेदी आणि गायनवृंदाचा सराव यांची भर पडते. २४ तारखेच्या रात्री मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, उभे राहिल्यावर डोळे झोपेने मिटू लागतात. "ज्याच्यासाठी एवढी तयारी केली, त्याची आणि माझी भेट न होताच सण संपतो," असे त्या लिहितात. गेल्या वर्षी २७ तारखेला गोठा आवरताना धाकट्या मुलाने विचारले की, येशूबाळाला इतक्यात परत खोक्यात का ठेवायचे, आणि त्यांना उत्तर सुचले नाही. या धावपळीत देवासाठी जागा कशी करायची, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

प्रिय भगिनी,

मी ३० वर्षांहून अधिक काळ वसईच्या धर्मग्रामांमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या स्थानिक मंडळींमध्ये, धर्मशिक्षण देते आहे आणि प्रार्थनाशिबिरांत येणाऱ्यांचे बोलणे ऐकत आले आहे. नाताळआधीच्या तयारीच्या काळात, म्हणजे आगमनकाळात, ज्या स्त्रियांनी माझ्याजवळ मन मोकळे केले, त्यांतल्या बहुतेकींचे सांगणे तुमच्यासारखेच होते, आणि ते सांगताना त्यांचा आवाज काही चूक केल्यासारखा खाली गेलेला असे. म्हणून आधीच सांगते की, तुमच्या पत्रात मला भक्तीची उणीव दिसली नाही. आपण जागा शोधतो ती घरातल्या चुकीच्या खोलीत, एवढेच मला वाटते. आणि खोलीची ही गोष्ट मी अक्षरशः म्हणते आहे, म्हणून ती थोडी सविस्तर सांगते.

मरियेने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले, कारण त्यांना उतारशाळेत जागा नव्हती, हे लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातले सातवे वचन आपण लहानपणापासून ऐकतो. मुलांच्या नाताळच्या नाटकात हातात कंदील घेऊन योसेफाला पुढे जायला सांगणारा उतारशाळेचा मालक हमखास असतो. पण लूकने त्या मालकाचा उल्लेख कोठेही केलेला नाही. शिवाय मूळ ग्रीकमध्ये त्याने वापरलेला 'काताल्युमा' हा शब्द लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. शेवटच्या भोजनासाठी येशू शिष्यांना जी खोली विचारायला पाठवतो, तिच्यासाठीही बाविसाव्या अध्यायात हाच शब्द आला आहे, आणि तेथे त्याचा अर्थ घरातली पाहुण्यांची खोली असा होतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला पैसे देऊन जेथे ठेवले जाते, त्या खऱ्याखुऱ्या उतारशाळेसाठी मात्र लूकने दहाव्या अध्यायात 'पांदोखेयोन' हा दुसराच शब्द योजला आहे. त्यामुळे अनेक बायबल-अभ्यासक असे मानतात की, त्या रात्री बेथलेहेमात भरलेली होती ती एखाद्या घरातली पाहुण्यांची खोली. त्या भागातल्या साध्या घरांत माणसे थोड्या उंच जोत्यावर राहत आणि रात्री गुरे त्याच छपराखाली खालच्या अंगाला बांधत. गव्हाण असे ती या दोहोंच्या मधल्या कडेला. हा अर्थ धरला, तर जेथे सगळे घर जेवत होते, झोपत होते आणि गुरांना चारा घालत होते, अशा भरल्या घराच्या ऐन मध्यावर ते बाळ निजले.

आपल्याकडची जुनी घरे तुम्ही पाहिली असतील, तर हे समजायला वेळ लागणार नाही. बाहेर ओटी, आत माजघर आणि घराला लागून गोठा. ओटी आल्यागेल्यासाठी असते. ती झाडलेली, सारवलेली असते, आणि पाहुणा तेथेच बसून चहा घेऊन जातो. माजघरात आजारी माणूस निजलेला असतो, पैशांचा हिशेब चालतो, घरातली भांडणे होतात आणि मिटतात. आपली नाताळची बहुतेक तयारी ओटीची असते. चांदणी लावतो, पडदे बदलतो, देवाला मानाने ओटीवर बसवतो, त्याच्यापुढे फराळाचे ताट ठेवतो आणि पुन्हा आत कामाला निघून जातो. मग २६ तारखेला भेट झाली नाही असे वाटते, ते खरेच असते. जागा करायची म्हणजे आधी घर रिकामे व्हायला हवे, असे आपण धरून चालतो. पण तुमचे घर पुढची १० वर्षे रिकामे होणार नाही, आणि देव तेवढी वाट पाहत ओटीवर बसून राहावा अशी त्याची इच्छा असेल, असे शुभवर्तमान वाचून तरी वाटत नाही.

हे मला पुष्कळ उशिरा कळले. अनेक वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साची बैठकव्यवस्था माझ्याकडे होती. गर्दीमुळे मिस्सा चर्चच्या मैदानात होती, खुर्च्या कमी पडल्या होत्या आणि उशिरा आलेल्या तीन-चार कुटुंबांना मी घाईने, थोड्या त्रासिक स्वरात सांगितले की आता जागा नाही, मागे उभे राहा. त्यांत एक म्हातारे गृहस्थ होते. थोड्या वेळाने शुभवर्तमान वाचले गेले, त्यातले जागा नसल्याचे वचनही वाचले गेले, आणि मी तेव्हा खुर्च्यांच्या रांगा मोजत होते. मला त्या रात्री काहीच जाणवले नाही. आठवडाभराने, घरी एकटी असताना, त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा चेहरा आठवला आणि मी किती तरी वेळ बसून राहिले. मी त्या महिन्यात देवाच्या कामाव्यतिरिक्त काहीच केले नव्हते, आणि तरीही तसे झाले होते. तेव्हापासून आगमनकाळात कोणी मला आणखी काय करू असे विचारले, तर मी आधी काय कमी करता येईल असे विचारते.

चर्चची उपासनाही हेच करते. आगमनकाळ ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो आणि वर्षानुसार २२ ते २८ दिवस चालतो. या काळातल्या रविवारी ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाहीत, वेदीवरची फुलांची सजावट बेताची ठेवतात, जांभळी वस्त्रे वापरतात. वर्षातल्या सर्वांत मोठ्या जन्मोत्सवाची तयारी म्हणून चर्च स्वतःच्या गाण्यातून एक गाणे काढून ठेवते, जेणेकरून २४ च्या रात्री ते पुन्हा कानी पडावे तेव्हा त्याची वाट पाहिलेली असावी. तुम्हीही या आगमनकाळात एक गोष्ट काढून ठेवा, आणि ती तुम्हाला थोडी टोचेल अशीच निवडा. माझे मत विचाराल, तर मी फराळापासून सुरुवात करीन. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा, दोन तऱ्हेचे लाडू, शिवाय केक, हे सगळे एका नोकरी करणाऱ्या बाईच्या दोन हातांनी व्हायलाच हवे असे कोठे लिहिलेले नाही. तीन पदार्थ करा, उरलेले विकत आणा किंवा आणूच नका. त्यातून जी संध्याकाळ मोकळी होईल, ती मात्र दुसऱ्या कामाला देऊ नका. या वाक्यावर मी जोर देते आहे, कारण मोकळा झालेला वेळ आमच्या शिबिरातल्या बायका मुलांच्या अभ्यासाला किंवा कपाट आवरायला देऊन टाकतात, असे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

रोजच्या प्रार्थनेबद्दल माझा सल्ला अगदी साधा आहे. वेळ ठरवण्यापेक्षा ठिकाण ठरवा. घड्याळाची वेळ तुमच्या घरात टिकणार नाही. सासूबाईंना उठवायचे असेल, दूध ऊतू जाईल, मुलाची वही सापडणार नाही. पण तुमची गाडी रोज नायगाव सोडते आणि भाईंदरच्या आधी खाडीचा पूल लागतो, हे चुकत नाही. नालासोपाऱ्याला गाडीत चढताना जे ढकलणे होते, ते होऊ द्या. वसई आणि नायगाव जाऊ द्या. गाडी पुलावर आली, चाकांचा आवाज बदलला आणि दोन्ही बाजूंना पाणी दिसू लागले की मनातल्या मनात क्रुसाची खूण करा, आणि त्या दिवसासाठी निवडलेले एकच वचन, एकच ओळ, पूल संपेपर्यंत सावकाश म्हणत राहा. उभे असाल तरी चालेल, शेजारच्या बाया भाजी निवडत असतील तरी चालेल. संध्याकाळी परतताना तोच पूल पुन्हा येतो. तेव्हा त्याच ओळीने दिवस देवाच्या हाती द्या आणि मग घरी उतरा. हे फार थोडे वाटेल. ज्यांना मी हे सांगितले, त्यांतल्या काही जणींनी महिन्याभराने येऊन सांगितले की, आता पूल येण्याच्या आधीच मन तिकडे वळते, आणि ऑफिसात कोणी तोडून बोलले तर संध्याकाळच्या पुलाची आठवण होते. सवय शरीराला लागली की मन तिच्यामागून येते. जुन्या काळी गावात दिवसातून तीन वेळा देवदूताच्या प्रार्थनेची घंटा वाजे आणि शेतातला माणूस हातातले काम थांबवून उभा राही, त्यामागेही हीच समजूत होती. ती घंटा तुमच्या डब्यात ऐकू येत नाही. पूल मात्र रोज येतो.

ओळ कोठून घ्यायची, हाही प्रश्न येईल. आगमनकाळाच्या पहिल्या भागात मिस्साला यशयाचे उतारे पुष्कळ वेळा वाचतात, आणि त्यांतून एकेक ओळ सहज मिळेल. १७ डिसेंबरपासून मात्र काही बदलते, आणि येथे मी तुम्हाला खास आग्रह करते. १७ ते २४ डिसेंबर या ८ दिवसांत मिस्साचे शुभवर्तमान मत्तयाच्या पहिल्या आणि लूकच्या पहिल्या अध्यायातून क्रमाने घेतलेले असते : येशूची वंशावळ, योसेफाचे स्वप्न, जखऱ्याला झालेले दर्शन, मरियेला मिळालेला निरोप, तिची आणि अलिशिबेची भेट, मरियेचे स्तोत्र, योहानाचा जन्म आणि शेवटी जखऱ्याचे गीत. रोजचा उतारा वाचायला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. इतर ३५७ दिवस तुम्हाला बायबल उघडायला जमले नाही, तरी हे ८ दिवस सोडू नका.

त्यांतला पहिला, १७ तारखेचा उतारा बहुतेकांना कंटाळवाणा वाटतो, कारण त्यात नावांमागून नावे येतात : अब्राहामापासून दाविदापर्यंत १४ पिढ्या, दाविदापासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत १४, तेथून ख्रिस्तापर्यंत १४. माझा तो आवडता उतारा आहे. त्या पुरुषांच्या यादीत मरियेच्या आधी चार स्त्रिया येतात. सासऱ्याच्या घरी अन्याय सोसून स्वतःचा हक्क मिळवणारी तामार, यरीहोतली वेश्या राहाब, परक्या देशातून आलेली विधवा रूथ आणि उरियाची बायको, जिचे नावही मत्तय घेत नाही. रूथची गोष्ट तर मुळात सासूची आणि सुनेची आहे. नवरा गेला, मूलबाळ नव्हते, माहेरी परतायची मुभा होती, तरी ती नामीबरोबर बेथलेहेमला आली आणि शेतात मागे पडलेली कणसे वेचून दोघींचे पोट भरू लागली. त्याच बेथलेहेमात पुढे ख्रिस्त जन्मला. घरोघरीच्या अशा गुंतागुंतीतूनच देवाने आपली वाट काढली, हे मत्तय पहिल्याच पानावर लिहून ठेवतो. तुमच्या घरातले जे काही तुम्हाला देवापुढे आणण्याजोगे वाटत नाही, ते घेऊन हा उतारा वाचा.

आता सासूबाईंविषयी. तुम्ही लिहिले आहे की त्यांच्यामुळे पहाटेच्या मिस्साला जाता येत नाही आणि त्याचा राग येतो, मग त्या रागाची लाज वाटते. याबाबतीत मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत आणि त्या एकमेकींना सोडून घेऊ नयेत अशी विनंती आहे.

त्यांचे कपडे बदलणे, त्यांना भरवणे, रात्री उठून कूस वळवून देणे, ही प्रार्थना होऊ शकते. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा बंधू स्वयंपाकघरात काम करीत असे, आणि भांड्यांच्या खडखडाटातही आपण देवाच्या तितकेच जवळ असतो जितके वेदीपुढे, असे तो सांगत असे. हे उदाहरण आमच्या शिबिरांत नेहमी दिले जाते आणि ते खरे आहे. पण ते देताना एक गोष्ट सांगायची राहून जाते : तो मठात राहत होता, आणि मठाची घंटा त्याला रोज ठरलेल्या वेळी काम सोडून प्रार्थनेला बोलावत होती. काम प्रार्थना झाले, कारण कामापासून वेगळी अशी प्रार्थनाही त्याच्या दिवसात होती. आपल्याकडे "सेवा हीच प्रार्थना" हे वाक्य पुष्कळदा सुनेला सांगितले जाते आणि मुलाला सांगितले जात नाही. त्यांच्या मुलाने, म्हणजे तुमच्या यजमानांनी, आठवड्यातून दोन पहाटा आईची सर्व कामे करावीत आणि त्या दोन पहाटा तुम्ही मिस्साला जावे, हे तुम्ही त्यांना शांतपणे आणि स्पष्टपणे सांगा. देवासाठी जागा करणे याचा तुमच्या घरातला पहिला अर्थ कामाची वाटणी हा असू शकतो, आणि हे बोलणे मला जपमाळेच्या पाच दशकांइतकेच, म्हणजे दहा-दहा प्रार्थनांच्या पाच फेऱ्यांइतकेच, गंभीरपणे घ्यावेसे वाटते.

सासूबाईंसाठी धर्मग्रामात सांगून ठेवा. आजाऱ्यांना घरी ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, आणून देण्याची सोय असते, आणि नाताळच्या आधी त्यासाठी कोणी येईल तेव्हा मुलांनाही त्या खोलीत बसवा. गोठाही या वर्षी बाहेरच्या खोलीत न मांडता त्यांच्या पलंगावरून दिसेल असा मांडा. आल्यागेल्याला तो पाहायला आत यावे लागेल. येऊ द्या.

गोठ्याची प्रथाही अशीच, जन्माची गोष्ट माणसांच्या डोळ्यांसमोर आणण्यासाठी पसरली. १२२३ च्या नाताळात संत फ्रान्सिस असिसीकर यांनी इटलीतल्या ग्रेच्चो या डोंगराळ गावी खरी गव्हाण, खरे गवत आणि खरे बैल-गाढव आणून मिस्सा करवली. बैल आणि गाढव लूकच्या गोष्टीत नाहीत. यशयाच्या पहिल्या अध्यायात बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखते असे म्हटले आहे, त्यावरून ते आले. मुलांना हे सांगा, त्यांना आवडेल. गव्हाण २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची आणि कोणाला मदत केली की त्यात गवताची एक काडी घालायची, ही पद्धत चांगली आहे. फक्त कोणाच्या किती काड्या झाल्या याची मोजदाद ठेवू नका, नाहीतर तीही परीक्षा होऊन बसते.

रात्री झोपताना १० मिनिटे मागा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. पाच पुरतील. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांनी आपल्या संघाच्या लोकांना दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण करायला शिकवले, आणि दुसरी प्रार्थना चुकली तरी हे चुकवू नये असा त्यांचा आग्रह होता. त्याला आपण पापांची यादी समजतो आणि म्हणून टाळतो. त्याची सुरुवात आभाराने होते. दिवा मालवल्यावर सकाळपासूनचा दिवस एकदा मनात चालवून पाहा, आणि जेथे मन जरा निवले, तेथे थांबा : गाडीत कोणी सरकून बसायला दिले, सासूबाईंनी नाव घेऊन हाक मारली, मुलाने न सांगता पाणी भरले. तेथे देव होता आणि घाईत आपण पुढे गेलो, हे आता ओळखायचे. मग जेथे मन आवळले गेले त्या क्षणाकडे पाहा, त्याच्याविषयी एक वाक्य त्याला सांगा, उद्यासाठी एक गोष्ट मागा. मध्येच झोप लागली तर लागू द्या. संत तेरेजा लिजिएकर यांनाही प्रार्थनेत झोप येत असे, आणि मूल झोपले असतानाही आईवडिलांना तितकेच लाडके असते, असे म्हणून त्या निर्धास्त राहत.

याच तेरेजेची एक नाताळची हकीकत तुम्हाला सांगावीशी वाटते. १८८६ च्या नाताळात, चौदावे वर्ष पूर्ण व्हायला आठवडाभर उरला असताना, ती मध्यरात्रीची मिस्सा करून वडील आणि बहिणीबरोबर घरी आली. आई ती लहान असतानाच वारली होती आणि ती फार हळवी, जरा बोलले की रडणारी मुलगी होती. फ्रान्समध्ये तेव्हा मुलांचे बूट शेकोटीपाशी ठेवून त्यांत भेटवस्तू घालीत. थकलेल्या वडिलांना ते पाहून कंटाळा आला आणि बरे झाले हे शेवटचे वर्ष आहे, असे काहीसे ते बोलून गेले. ते तिने जिन्यात ऐकले. डोळे भरून आले, पण रडे गिळून ती खाली उतरली आणि हसतमुखाने एकेक भेट काढून वडिलांना दाखवू लागली. पुढे ती लिहिते की, आपले खरे परिवर्तन त्या रात्री झाले. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, त्या रात्रीची कृपा तिने मिस्सानंतर, घरच्या जिन्यात, दमलेल्या माणसाच्या एका तुटक बोलण्यापाशी ओळखली. २४ च्या मध्यरात्री मिस्साला तुमचे डोळे मिटत असतील, तर त्यावरून भेट हुकली असा निष्कर्ष काढू नका. ती घरी परतल्यावर, सासूबाईंच्या खोलीच्या दारातही होऊ शकते, आणि तुम्ही तेव्हा जाग्या असण्याची शक्यता जास्त आहे.

पापनिवेदनाविषयी, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापे कबूल करण्याविषयी, थोडेच सांगते : ते डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करा. शेवटच्या आठवड्यात रांगा लांब असतात, धर्मगुरू दमलेले असतात, आणि मग दोन मिनिटांत उरकल्यासारखे होते.

तुमच्या मुलाच्या प्रश्नाकडे आता येते, कारण माझ्या मते तुमच्या साऱ्या पत्राचे उत्तर त्याने जवळजवळ देऊन ठेवले आहे. दुकानांतला नाताळ नोव्हेंबरात सुरू होतो आणि २५ ला संपतो. चर्चचा नाताळकाळ २५ ला सुरू होतो, पूर्वेकडच्या मागी ज्ञानी लोकांनी बाळाचे दर्शन घेतले त्या प्रकटीकरणाच्या सणावरून पुढे प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपासपर्यंत चालतो. आपण आगमनकाळातच नाताळ साजरा करून टाकतो आणि खरा नाताळकाळ लागतो तेव्हा चांदणी उतरवतो. त्यामुळे २६ ला पोकळी वाटणे हे अटळ आहे. तुम्ही मागत असलेला वेळ २५ च्या आधी नसला, तरी नंतर आहे. भेटीगाठी, फराळाची देवाणघेवाण, वृद्ध आत्याकडे जाणे, यांतले जेवढे पुढे ढकलता येईल तेवढे निःसंकोच जानेवारीत न्या. तेव्हा लोक मोकळे असतात आणि तुमच्या येण्याने त्यांना जास्त आनंद होतो. पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणात अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचे मांडून ठेवतात. दुसऱ्या महायुद्धात त्याच देशाचे सुमारे ५,००० निर्वासित, बहुतेक स्त्रिया आणि मुले, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात राहिले होते. जास्तीचे ताट मांडणाऱ्यांना आपल्या मातीत जागा मिळाली होती. तुम्ही नाताळकाळातला एक दिवस ठरवून असे एक ताट मांडा आणि इमारतीतल्या, गावापासून लांब राहणाऱ्या कोणाला तरी जेवायला बोलवा. माणसे मेंढपाळांसारखी, कामावरून तशीच आलेली असली तरी चालतील. मेंढपाळ तरी रात्रपाळीवरच होते, आणि बाळाला पाहून ते देवाची स्तुती करीत परत गेले, असे लूक सांगतो. परत गेले म्हणजे आपल्या मेंढ्यांकडेच.

गायनवृंद सोडू का, असेही तुम्ही विचारले आहे. सोडू नका. सराव आठवड्यातून एकदाच ठेवावा एवढे मात्र मंडळात बोलून पाहा. आणखीही कोणी तरी हे बोलायची वाट पाहत असेल. आणि घरी सराव करायचा तो सासूबाईंच्या खोलीत करा. त्यांना लहानपणी येत असलेले एखादे गीत विचारा, ते त्यांच्याकडून मुलांना शिकू द्या.

मुलाला सांगा की तो बरोबर बोलत होता आणि गेल्या वर्षी आपणच घाई केली. या वर्षी गोठा प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत ठेवा. त्यानंतर मेंढपाळ, मागी, बैल, गाढव हे सारे कागदात गुंडाळून खोक्यात भरले तरी चालेल, पण बाळाची मूर्ती २ फेब्रुवारीपर्यंत बाहेर राहू द्या. त्या दिवशी, जन्मानंतर ४० दिवसांनी, मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन मंदिरात गेले आणि म्हाताऱ्या शिमोनाने त्याला हातांत घेतले. तोपर्यंत मूर्ती सासूबाईंच्या उशाशी, त्यांच्या औषधांच्या डब्याशेजारी ठेवा. औषध द्यायला दिवसातून चार-पाच वेळा तुम्ही तेथे जाताच.